कोजागरीच्या चांदण्यात महाळुंग

जुनी कॅलेंडरं रद्दीत गेली नसतील तर दोन शोधून काढा, 2024चं आणि 2025चं. दोन्हींत आश्विन महिना उघडा.

2025 साली घटस्थापना 22 सप्टेंबरला होती, सोमवारी. विदर्भातल्या काटोलमध्ये घट बसले, मंडळांनी देवीची गाणी लावली, आणि त्याच दिवशी सूर्य मावळल्यावर जगभरच्या ज्यू लोकांचं 5786वं वर्ष सुरू झालं. दसरा 2 ऑक्टोबरला आला. आपण घरोघरी जाऊन सोनं देत होतो तेव्हा ज्यू लोकांचा वर्षातला सगळ्यात कडक उपास चालू होता. कोजागरी 6 ऑक्टोबरची. आपण दूध आटवायला ठेवलं त्याच संध्याकाळी त्यांचा मांडवांचा सण लागला.

आता 2024चं पान. घटस्थापना 3 ऑक्टोबर, त्यांच्या नव्या वर्षाचा पहिला दिवसही 3 ऑक्टोबर. दसरा 12 तारखेला, त्यांचा उपास 12 तारखेला. कोजागरी 16ची, त्यांचे मांडव 16च्या संध्याकाळी.

जेरुसलेम काटोलपासून चार हजार किलोमीटरांहूनही लांब आहे. तिथल्या धर्मगुरूंनी सण ठरवताना आपलं पंचांग मागवलं नव्हतं आणि आपल्या जोशीबुवांनी त्यांचं पाहिलं नव्हतं. तरी सण असे जोडीनं येतात, कारण दोघांनीही एकाच घड्याळाकडे बघून महिने मोजले. ते घड्याळ म्हणजे चंद्र. अमावास्या संपली की त्यांचा महिना सुरू, आणि महाराष्ट्रात आपलाही. त्यांचा तिश्री महिना बहुतेक वेळा आपल्या आश्विनावर येऊन बसतो. तिश्रीची पहिली तिथी ती आपली प्रतिपदा, दहावी ती दशमी आणि पंधरावी ती पौर्णिमा. इतका सरळ हिशेब आहे, आणि तरी पहिल्यांदा तो समोर मांडला की माणूस कॅलेंडर पुन्हा पुन्हा तपासून बघतो.

इथे एखादं हुशार पोरगं विचारेल की चंद्रावर तर मुसलमानांचेही महिने चालतात, मग रमजान कधी उन्हाळ्यात आणि कधी हिवाळ्यात कसा येतो? बरोबर आहे. चंद्राचा एक महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा महिने म्हणजे 354 दिवस. सूर्याचं वर्ष 365 दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवस कमी पडतात. मुसलमानांच्या पंचांगात ते तसेच सोडून देतात, म्हणून रमजान दरवर्षी अकरा दिवस आधी येत सगळ्या ऋतूंतून फिरतो. आपल्याला मात्र दिवाळी पावसाळ्यात नको असते. ज्यूंनाही त्यांचे सुगीचे सण सुगीतच हवे असतात. म्हणून अकरा-अकरा दिवस साठत महिनाभराची तूट झाली की दोघेही एक जादा महिना घालतात. आपला तो अधिक मास. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य नव्या राशीत जातच नाही, तो महिना आपल्याकडे अधिक धरतात. म्हणून तो कधी अधिक श्रावण असतो, कधी अधिक ज्येष्ठ. ज्यूंनी दुसरी रीत धरली. एकोणीस सूर्यवर्षं आणि चंद्राचे 235 महिने यांत फरक जेमतेम दोन तासांचा पडतो. म्हणून त्यांनी एकोणीस वर्षांचं चक्र केलं, त्यातली सात वर्षं तेरा महिन्यांची ठरवून टाकली, आणि जादा महिना नेहमी एकाच जागी घालायचा असं ठरवलं. अदार नावाचा महिना त्या वर्षी दोनदा येतो.

दोघांची रीत वेगळी, म्हणून काही वर्षी जोडी चुकते. 2023 साली आपला श्रावण दोनदा आला, घटस्थापना 15 ऑक्टोबरवर गेली, आणि ज्यूंचं नवं वर्ष महिनाभर आधी, 16 सप्टेंबरला, गणपतीच्या तोंडावर येऊन गेलं. 2026मध्येही तसंच आहे. ज्येष्ठ अधिक असल्यामुळे नवरात्र ऑक्टोबरात जातं आणि त्यांचं 5787वं वर्ष 12 सप्टेंबरला, गणेशचतुर्थीच्या दोन दिवस आधी येतं.

बारीक नजरेच्या वाचकाला आणखी एक गोष्ट खटकली असेल. आश्विन हा चैत्रापासून सातवा महिना. नवं वर्ष सातव्या महिन्यात कसं सुरू होईल? गंमत अशी की ज्यूंचा तिश्रीसुद्धा सातवाच महिना आहे. त्यांच्या धर्मग्रंथात पहिला महिना निसान, आणि निसानची पहिली तिथी 2025 साली 30 मार्चला होती. त्या दिवशी आपला गुढीपाडवा होता. महिने तिथून मोजायचे पण सालाचा आकडा तिश्रीत बदलायचा, अशी त्यांची पद्धत. आपल्याला याचं नवल वाटायला नको. आपलं वर्ष गुढीपाडव्याला लागतं आणि बाजारातले व्यापारी वहीपूजन दिवाळीत करतात, तेव्हा आपण कुठे गोंधळतो?

हे सगळं कागदावर जमवण्याच्या कितीतरी आधी काही मराठी माणसांना ते पाठ होतं. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू लोकांना.

अलिबागजवळ नवगाव म्हणून समुद्रकाठचं गाव आहे. बेने इस्रायल समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कथा अशी की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इस्रायलकडून आलेलं एक गलबत इथे खडकावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका पोहत किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेतं गावकऱ्यांनी किनाऱ्यालगत पुरली. ती जागा आजही दाखवतात आणि तिथे स्मारक उभारलेलं आहे. वाचलेल्यांची पोथ्यापुस्तकं समुद्रात गेली होती. ते गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, नऊवारी नेसू लागले, मराठी बोलू लागले. मात्र शनिवारी घाणा बंद. ज्यूंचा विश्रांतीचा वार शनिवार, आणि तेवढं त्यांना आठवत होतं. गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागलं. ज्या गावात राहिले त्याचं नाव आडनावाला लावायची कोकणी रीत त्यांनीही घेतली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, चेऊलकर. हिंदी सिनेमातले डेव्हिड आठवतात? ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा. त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

पुस्तकं नाहीत, धर्मगुरू नाहीत, हिब्रू भाषा जवळजवळ विसरलेली. मग सण कसे सांभाळले? आठवणीवर आणि चंद्रावर. आणि त्या सणांना त्यांनी नावं दिली ती चक्क मराठी. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून ठेवला (छापून यायला 1937 उजाडलं, तेही तेल अवीवमध्ये), त्यामुळे ही नावं आपल्यापर्यंत पोचली. नव्या वर्षाचा दिवस तो ‘नव्याचा सण’. त्यानंतर तीन-चार दिवसांनी ‘खिरीचा सण’. दहाव्या दिवशी ‘दारफळणीचा सण’ म्हणजे दारं लावून घेण्याचा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. फाल्गुनात येणाऱ्या पुरीम या सणाला तर ते सरळ ‘होळीचा सण’ म्हणत, कारण तो बहुतेक वर्षी फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारालाच येतो. 2024 साली दोन्ही 24 मार्चला होते. जगात इतरत्र कुठल्याही ज्यू घरात पुरीमला पुरणपोळी होत नसेल, यांच्याकडे होते.

आता नव्याचा सण नीट पाहू. ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून सण लागतो तो संध्याकाळी. आकाशात चंद्र नसतोच, असला तर नखाएवढा. हिब्रूत या सणाला रोश हशाना म्हणतात आणि एकमेकांना ‘शाना तोवा’ अशा शुभेच्छा देतात. बाहेरच्या देशांत सफरचंदाची फोड मधात बुडवून खातात, येणारं वर्ष गोड जावं म्हणून. डाळिंब असतं, खजूर असतो, आणि काही घरांत ताटात माशाचं डोकंही ठेवतात, वर्षभर आपण पुढे राहावं, मागे पडू नये म्हणून. बेने इस्रायल घरांत याच्या जोडीला चिकाचा हलवा लागतो. गहू भिजवून, वाटून त्याचा चीक काढायचा, त्यात नारळाचं दूध आणि साखर घालून तो मंद आचेवर तासन्‌तास ढवळत बसायचं. विदर्भातल्या पोरांना चीक सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात कुरडया घालताना आईनं वाटीत काढून दिलेला गरम चीक ज्यानं खाल्ला नाही असा माणूस इकडे विरळाच. बेने इस्रायलांकडे मात्र तो आटवून त्याच्या वड्या पाडतात.

नारळाचं दूधच का, गाई-म्हशीचं का नाही? ज्यूंच्या खाण्याच्या नियमांत मांस आणि दूध एका जेवणात येता कामा नये. सणाला मटण-कोंबडी असणार, मग गोडात दूध कसं चालेल? कोकणात नारळाची काय कमी! त्यामुळे यांचा हलवाही नारळाच्या दुधातला, खीरही नारळाच्या दुधातली. खिरीच्या सणाला नव्या धान्याची खीर करून, ऊद जाळून, आठवणीत उरलेली एक हिब्रू प्रार्थना म्हणायचे आणि मग खायचे. सगळी पोथी समुद्रात गेली तरी ‘शेमा’ ही ती एक प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ राहिली होती. बारसं असो की लग्न, नवस असो की नवं घर, हीच एक प्रार्थना म्हणत. मला या साऱ्या कथेत सर्वांत थक्क करणारी गोष्ट कुठली वाटते, तर ही.

नव्या वर्षाच्या दिवशी प्रार्थनामंदिरात शोफार फुंकतात. शोफार म्हणजे मेंढ्याचं पोकळ केलेलं शिंग. त्याला ना पट्टी ना सूर, फुंकणाऱ्याच्या ओठांवर सगळं अवलंबून. एक लांब सरळ आवाज, एक तीन तुकड्यांत मोडलेला, एक नऊ छोट्या ठोक्यांचा, असे मिळून रिवाजानं शंभर आवाज काढतात. मेंढ्याचंच शिंग का, तर अब्राहाम आपल्या मुलाचा बळी द्यायला निघाला तेव्हा देवानं त्याचा हात अडवला आणि झुडपात शिंगं अडकलेला मेंढा त्याला दिसला, ती गोष्ट आठवावी म्हणून. नवं वर्ष शनिवारी आलं तर त्या दिवशी शोफार वाजत नाही. विश्रांतीच्या वारी एवढं कामही नको. 2026चं 12 सप्टेंबर शनिवारच आहे, तेव्हा पहिल्या दिवशी शिंग गप्प आणि दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज. दुपारनंतर लोक समुद्रावर, नदीवर, नाही तर तळ्यावर जातात, प्रार्थना म्हणतात आणि खिसे उलटे करून झटकतात. वर्षभरात खिशात जमलेली पापं पाण्यात. मुलांना हा भाग फार आवडतो, हे सांगायला नकोच.

ज्यूंची समजूत अशी की नव्या वर्षाच्या दिवशी देव वही उघडतो, प्रत्येकाच्या नावापुढे पुढच्या वर्षाचं लिहितो, आणि दहाव्या दिवशी वही मिटतो. मधले दिवस हिशेब दुरुस्त करायला मिळतात. पण त्यात एक मेख आहे. देवाशी केलेल्या चुकीची क्षमा देवाकडे मागता येते. माणसाशी केलेल्या चुकीची क्षमा त्या माणसाकडेच जाऊन मागावी लागते. मित्राचं पेन लपवलं असेल तर कितीही प्रार्थना करा, पेन परत देऊन ‘चुकलो’ म्हणेपर्यंत वहीत नोंद तशीच. जैन लोक पर्युषणाच्या शेवटी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात, तेही याच दिवसांच्या आसपास. भाद्रपद-आश्विनाच्या हवेत काय असतं कोण जाणे.

मग येतो दहावा दिवस, योम किप्पूर, आपल्या बेने इस्रायलांची दारफळणी. पंचवीस तास अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. पांढरे कपडे. चामड्याच्या चपला नाहीत. मुंबईत प्रार्थनामंदिरं होण्याआधी कोकणातल्या खेड्यांत हे लोक संध्याकाळी आंघोळ करून, पांढरे कपडे घालून घराची दारं लावून घेत आणि दुसऱ्या दिवशीची रात्र पडेपर्यंत बाहेर येत नसत, कुणाशी बोलत नसत. शेजारी दसऱ्याचा गजबजाट चालू असला तरी एका घराची फळी लावलेली. गावालाही ते ठाऊक असायचं. दुसऱ्या दिवशी शिळा सण: दारं उघडायची, गोरगरिबांना द्यायचं, आणि नातेवाइकांकडे भेटायला जायचं.

मुलांना उपास लागू नाही. मुलगी बाराची झाली आणि मुलगा तेराचा झाला की तो पुरा धरायचा. त्याआधी अर्धा दिवस करून बघायची हौस असली तर करावी. दुपारी योना संदेष्ट्याची गोष्ट वाचतात. देवानं सांगितलेलं काम टाळून योना जहाजातून पळाला, वादळ झालं, खलाशांनी त्याला समुद्रात टाकलं, एका प्रचंड माशानं त्याला गिळलं आणि तीन दिवसांनी किनाऱ्यावर आणून ओकलं. उपाशीपोटी माशाची गोष्ट ऐकायची, हीही एक परीक्षाच. एकोणिसाव्या शतकात मुंबईतल्या बेने इस्रायलांनी बायबलातल्या गोष्टींवर मराठी कीर्तनं रचली. अभंग, आर्या, साकी, दिंडी सगळं असलेली, टाळ-पेटीच्या साथीवर. हिब्रू संदेष्टे कीर्तनात आले ते असे. संध्याकाळी तारे दिसले की शोफारचा एकच लांबलचक आवाज होतो आणि उपास सुटतो.

इथवर गोष्ट कोकणातली होती. आता ती काटोलच्या बागेत येते.

कोजागरीला, म्हणजे तिश्रीच्या पौर्णिमेला, सुक्कोत हा सण लागतो. मिसर देशाच्या गुलामीतून सुटल्यावर ज्यूंचे पूर्वज चाळीस वर्षं वाळवंटात झोपड्या बांधत हिंडले. त्याची आठवण म्हणून आठवडाभर पक्कं घर सोडून मांडवात जेवायचं, जमलं तर झोपायचंही. मांडवाचं छप्पर जमिनीतून उगवलेल्याच वस्तूचं हवं, आणि त्यातून रात्री चांदण्या दिसायला हव्यात. ताडपत्री किंवा पत्रा चालत नाही! मुंबई-कोकणात प्रार्थनामंदिराच्या अंगणात माडाच्या झावळ्यांचा मांडव घालतात आणि त्याला फळं टांगतात. पौर्णिमेचं चांदणं झावळ्यांतून खाली गळत असतं. सणाच्या शेवटी पावसासाठी प्रार्थना असते, कारण जेरुसलेमकडे पावसाळा तेव्हा सुरू व्हायचा असतो. अलिबागेत चार महिने धो-धो कोसळून नुकताच थांबलेला पाऊस, आणि तिथले भाविक देवाकडे पाऊस मागताहेत. त्याच दिवसांत काटोलचा शेतकरी सोयाबीन आणि कापसासाठी परतीचा पाऊस येऊ नये म्हणून हात जोडत असतो. देवानं कुणाचं ऐकावं?

या सणात चार वनस्पती हातात धरून प्रार्थना करतात. खजुराच्या झाडाचा न उमललेला पाला, मर्टल नावाच्या सुगंधी झुडपाच्या डहाळ्या, वाळुंजाच्या डहाळ्या, आणि एक फळ. ते फळ हिब्रूत एत्रोग, मराठीत महाळुंग. लिंबाच्या कुळातलं, लिंबापेक्षा बरंच मोठं, खडबडीत, जाड सालीचं, आत गर थोडा आणि रस त्याहून थोडा. खाण्याच्या दृष्टीनं कामाचं बेताचंच, पण वास असा की खोलीत ठेवलं तर दारातून येणारा माणूस विचारतो. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीला चार हात आहेत. त्यातल्या खालच्या उजव्या हातात जे फळ आहे ते हेच, महाळुंग. नवरात्रात लाखो लोक त्या मूर्तीचं दर्शन घेतात, आणि कोजागरीला जगभरातले ज्यू तेच फळ हातात घेतात.

महाळुंग मूळचं आपल्याच बाजूचं, हिमालयाच्या आग्नेय पायथ्याकडच्या टापूतलं. तिथून ते पश्चिमेला इराणात गेलं आणि पुढे भूमध्य समुद्राकडे. संत्री-मोसंबी तिकडे पोचण्याच्या कितीतरी शतकं आधी. जेरुसलेमजवळ रामत राहेल इथे इराणी अमलातल्या एका राजबागेचं उत्खनन झालं. बागेतल्या तळ्याला गिलावा केला तेव्हा आसपास झाडं फुलावर होती आणि त्यांचे परागकण ओल्या गिलाव्यात चिकटून बसले. जवळजवळ अडीच हजार वर्षांनी शास्त्रज्ञांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्यात महाळुंगाचे परागकण! एका गवंड्यानं चुन्यात नकळत लिहून ठेवलेली नोंद. आणखी एक प्रसंग जोसेफस नावाच्या जुन्या इतिहासकारानं टिपला आहे. सुमारे 2100 वर्षांपूर्वी अलेक्झांडर यन्नाय हा राजा सुक्कोतच्या पूजेला उभा राहिला. लोक त्याच्यावर चिडलेले होते, आणि प्रत्येकाच्या हातात महाळुंग होतंच. साऱ्यांनी ती राजाला फेकून मारली. राजानं पुढे त्याचा भयंकर सूड घेतला, तो भाग मोठे झाल्यावर वाचा.

आता खरी गंमत. एत्रोग कलमाच्या झाडाचा चालत नाही. महाळुंगाचं झाड नाजूक, फार वर्षं टिकत नाही, म्हणून बागायतदार ते लिंबाच्या मुळावर बांधू बघतात. धर्मशास्त्री म्हणतात, नाही. झाड मुळापासून शेंड्यापर्यंत एकाच जातीचं पाहिजे. म्हणून सणाआधी जाणकार लोक भिंग घेऊन फळं तपासतात. साल किती खडबडीत, देठ किती आत, टोकाचं बोंड शाबूत आहे का. शंका आली तर फळ कापून बिया पाहतात. शुद्ध महाळुंगाच्या बिया उभ्या असतात, असा त्यांचा आडाखा. निर्दोष एत्रोगसाठी लोक भरपूर पैसे मोजतात आणि ते कापसात गुंडाळून डबीत ठेवतात.

काटोलला याच्या बरोबर उलट. नागपुरी संत्र्याचा अख्खा पसारा कलमावर उभा आहे. रोपवाटिकेत आधी जंबेरीचं किंवा रंगपूर लाइमचं रोप वाढवतात, त्याच्या खोडावर संत्र्याचा डोळा भरतात, डोळा फुटला की वरचं जंबेरीचं कापून टाकतात. मुळं जंबेरीची, फळ संत्र्याचं. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी, सगळीकडे हीच रीत. काटोलच्या फळ संशोधन केंद्रात गेलात तर तिथेही खुंटांचीच, म्हणजे कलमाखालच्या रोपांचीच, चर्चा. आंबिया बहाराची फळं याच दिवसांत, दसरा-दिवाळीच्या सुमाराला, रंग धरायला लागतात.

मग ही जंबेरी कोण? लिंबूवर्गीय झाडांच्या गुणसूत्रांचा अभ्यास झाला तेव्हा कळलं की जंबेरी ही संत्र्याच्या जातीची आणि महाळुंगाची संतती आहे. रंगपूर लाइमचंही तेच. आपलं कागदी लिंबूसुद्धा महाळुंगाचंच बाळ, आई तेवढी निराळी. म्हणजे काटोलच्या बागेतल्या बहुतेक संत्र्यांच्या झाडांखाली, मातीच्या आत, महाळुंगाचं रक्त असलेली मुळं पाणी ओढत असतात. ज्यांनी महाळुंग कलमापासून जपलं त्यांनी ते शतकानुशतकं शुद्ध ठेवलं, आणि ज्यांनी त्याच्या लेकरावर कलम बांधलं त्यांनी विदर्भाला संत्रा दिला. दोघांचंही आपापल्या जागी खरं.

सुक्कोत संपला की लगेच सिमहात तोरा. तोरा म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची पहिली पाच पुस्तकं, चामड्याच्या गुंडाळीवर हातानं लिहिलेली. परंपरेच्या मोजणीप्रमाणे त्यात 3,04,805 अक्षरं आहेत, आणि एक जरी अक्षर चुकलं तरी दुरुस्त केल्याशिवाय ती गुंडाळी वाचत नाहीत. आठवड्याला एक भाग असं करत वर्षभरात ती वाचून होते. या दिवशी शेवटचा भाग वाचतात आणि त्याच बैठकीत पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करतात. मग गुंडाळ्या कडेवर घेऊन नाच, मुलांना खाऊ, आणि तीन आठवडे चाललेली सणांची रांग संपते.

मुंबईतलं बेने इस्रायलांचं पहिलं प्रार्थनामंदिर 1796 साली सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं. लोक त्याला मशीद म्हणत, आणि मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. पुण्यातल्या लाल विटांच्या ओहेल डेव्हिड या ज्यू प्रार्थनामंदिराला लोक लाल देऊळ म्हणतात. अलिबागेत, रेवदंड्यात, पनवेलला, ठाण्यालाही बेने इस्रायलांची मंदिरं आहेत. 1948नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. आता भारतात चार-पाच हजार लोक उरले असतील. 2016मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली. इस्रायलमध्ये गेलेल्यांनी तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं, आणि तिकडच्या लग्नांत अजून मेंदी लागते, गोड पोह्यांचा मलिदा होतो. पोह्यांवर तर्री ओतणाऱ्या नागपूरकरांना तो कितपत रुचेल हा प्रश्न वेगळा.

सहलीला अलिबागला गेलात तर किल्ला आणि समुद्र बघून परतू नका. मागेन आबोथ हे तिथलं प्रार्थनामंदिर पाहा आणि नवगावच्या स्मारकापर्यंतही जाऊन या. आणि आश्विनाच्या तोंडावर एखादं बेने इस्रायल कुटुंब भेटलं, तर त्यांना ‘शाना तोवा’ म्हणा. पुढच्या गप्पा मराठीतच होतील.